पांढऱ्या पायाची

हे लिहायला बसलो खरा, पण हा अधिकार मला कुणी दिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात लिहिणारा माणूस माझ्याआधी झाला नाही. ज्या ग्रीक नाटकाविषयी मी बोलणार आहे ते मी इंग्रजीत वाचलं, आणि त्या इंग्रजीतले निम्मे शब्द कोशात बघून वाचले. ग्रीक भाषेचं एक अक्षर मला ठाऊक नाही. तेव्हा जाणत्यांनी चुका दिसल्या तर माफ कराव्यात. रागाबद्दल मात्र मी माफी मागत नाही. तो राग कोशात बघून आलेला नाही.

मी कोल्हापुरात महाराजांच्या कृपेनं चाललेल्या एका बोर्डिंगात राहून कॉलेजात शिकत होतो. माझं गाव नृसिंहवाडीच्या वाटेवर, काळ्या रानाचं. त्या वर्षी आम्हाला इंग्रजीच्या तासाला एक फार जुनं ग्रीक नाटक होतं. गोष्ट अशी. एका राजाला मूल होतं आणि देवाचा कौल सांगतो की हे मूल बापाला मारील आणि आईशी लग्न लावील. राजा त्या तान्ह्या मुलाचे पाय टोचून, बांधून त्याला डोंगरावर टाकून द्यायला लावतो. मूल मरत नाही. दुसऱ्या राज्यात वाढतं, मोठं झाल्यावर वाटेत भांडण होऊन एका म्हाताऱ्याला मारतं, पुढं एका नगराचा राजा होतं आणि तिथल्या विधवा राणीशी लग्न करतं. मग त्या नगरात साथ येते. माणसं मरतात, गुरं मरतात. पुन्हा कौल लावतात. कौल म्हणतो, नगरात एक विटाळ बसलाय, तो हद्दीबाहेर घालवा. राजा शपथ घेऊन त्या माणसाला शोधायला निघतो आणि शोधत शोधत स्वतःपाशी येतो.

हे नाटक ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी वर्गात एकट्या मला त्यातलं नगर ओळखीचं वाटलं असेल. साथ मी पाहिली होती. पण ते मी तेव्हा बोललो नाही, आणि जे बोललो त्यानं हसू झालं.

एका ठिकाणी असं येतं की बापानं जिथं पेरलं त्याच रानात पोरानं नांगर घातला. प्रोफेसरसाहेबांनी मला उभं केलं आणि या बोलण्यातलं भयंकर काय ते सांगा म्हणाले. ते फार विद्वान गृहस्थ होते, पागोटं कधी वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. मी बराच वेळ विचार केला. मला त्यात भयंकर काही सापडेना. शेवटी मी खरं ते सांगितलं, की सर, यात भयंकर काही नाही, बापाच्या रानात पोरगाच नांगर धरतो, दुसरा कोण धरणार.

वर्ग एवढा हसला की व्हरांड्यातला शिपाई डोकावून गेला. प्रोफेसरसाहेब स्वतः हसले नाहीत. पण रूपक म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. रान म्हणजे इथं रान नव्हे. मग म्हणाले, "तुमच्या पायाची माती अजून झडली नाही. शब्दाला धरून बसू नका, शब्दाच्या पलीकडे बघा."

तेव्हापासून मला वर्गात 'नांगर' म्हणत. नांगर आला, नांगर बसला, नांगराला फळा दिसत नसेल तर पुढं या. मी ते सोसलं. राग त्याचा नाही. पण 'पायाची माती' हे शब्द माझ्या डोक्यातून गेले नाहीत, कारण पायांवरून आमच्या घरात त्याच वर्षी होत्याचं नव्हतं झालं होतं. ते आता सांगतो.

माझी आक्का, म्हणजे थोरली बहीण, जवळच्याच एका गावात दिलेली होती. आदल्या हिवाळ्यात त्या गावात गाठीचा ताप आला. आधी उंदीर पडतात, मग माणसं. तिचा नवरा गेला, सासू गेली. दिरांनी आबांना निरोप धाडला की तुमची लेक घेऊन जा. आबा, माझे वडील, गाडी जुंपून गेले आणि तिला घेऊन आले.

थोड्याच दिवसांत आमच्या गावात उंदीर पडायला लागले. पहिला उंदीर आमच्याच घरात, कणगीच्या मागं पडला. गाव रिकामं करून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले. कोल्हापुरातही साथ होती, बोर्डिंग बंद झालं होतं, म्हणून मीही त्या झोपड्यांतच होतो. पाटलांचा थोरला मुलगा गेला तेव्हा लोक भगताकडे गेले. भगताच्या अंगात आलं. घुमत घुमत तो एवढंच बोलला, "पांढऱ्या पायानं शीव ओलांडली."

पुढं कुणी काही विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी वळून आमच्या झोपडीकडं पाहिलं. नवऱ्याला खाऊन आली, सासूला खाऊन आली, आता गाव खायला बसली, असं बायका तिच्या देखत बोलल्या. आबांनी मान खाली घातली. ठरलं ते असं की साथ गेल्यावर सगळ्यांनी गावात परतावं, आक्कानं परतू नये. शिवेपलीकडं माळावर तिची झोपडी राहावी.

साथ गेली. झोपड्या मोडल्या, लोकांनी घरं सारवली, गावात चुली पेटल्या. माळावर एकच झोपडी उरली.

मी आबांना म्हणालो, हे तुम्ही कसं चालवून घेता. ते म्हणाले, "कपाळात लिवलंय ते कोण पुसणार?"

तो प्रश्न मी कोल्हापुरात बरोबर घेऊन आलो. आमच्याकडं मूल जन्मल्यावर पाचवीला पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवतात. रात्री सटवाई येते आणि मुलाचं नशीब लिहून जाते. आईला मी एकदा विचारलं होतं की कागद कुठून आणलात, तेव्हा ती म्हणाली की कुळकर्ण्यांकडून मागून आणला. म्हणजे घरात कागद नाही, बोरू नाही, वाचता येणारं माणूस नाही, आणि देवी लिहून जाते. ते लिहिलेलं वाचतो कोण? ज्याला अंगात येतं तो. ज्याचा मुलगा गेला तो. ज्याला कुणावर तरी बोट दाखवायचं असतं तो. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याला सोडून बाकी सगळ्यांना ते वाचता येतं. मी आमच्या घरातला पहिला वाचणारा. मी कॉलेजात बसून परक्या देशातल्या राजाचं नशीब कोश उघडून वाचत होतो आणि माझ्या बहिणीच्या कपाळावरचं भगत वाचत होता.

वर्गात नाटक पुढं सरकत होतं. एके दिवशी प्रोफेसरसाहेब त्या राजाच्या नावाचा अर्थ सांगू लागले. नावातच सुजलेले पाय आहेत. लहानपणी टोचलेल्या पायांची ती खूण, म्हणजे त्याची सगळी गोष्ट त्याच्या पायातच लिहिलेली. हा माणूस जिथं जातो तिथं अरिष्ट नेतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. मग त्यांनी विचारलं की अशा माणसाला आपल्या मराठीत काही शब्द आहे काय.

हात वर केल्यावर पुन्हा हसतील हे माहीत होतं. तरी मी उठलो आणि म्हणालो, "आहे सर. पांढऱ्या पायाचा."

या वेळी हसू मागच्या बाकांवरून आलं. प्रोफेसरसाहेब किंचित हसले आणि म्हणाले, "तो शब्द पुरुषाला लावत नाहीत. बायकांना लावतात. आणि फार ग्राम्य आहे."

ते पुढच्या ओळीकडं वळले. मी बसलो. लाज वाटली नाही, राग आला. बापाला मारणारा, नगरात साथ आणणारा राजा. त्याच्यासाठी वर्गात उसासे टाकायचे, दैव किती क्रूर म्हणायचं. आणि ज्या शब्दानं माझी बहीण पावसात माळावर बसली होती तो शब्द त्या राजाला लावला तर ग्राम्य. बायको मेली तर पुरुषाला पांढऱ्या पायाचा म्हटलेलं मी आजवर ऐकलं नाही. तो तेराव्याच्या जेवणात दुसऱ्या स्थळाची बोलणी ऐकतो. व्याकरणात तीन लिंगं शिकवली होती आम्हाला. हा शब्द एकाच लिंगात चालतो हे कुठल्याही व्याकरणात लिहिलेलं नाही.

नागपंचमीला मी घरी गेलो. पंचमीला लेकी माहेरी येतात. गावातल्या दारादारात झोके बांधलेले, बाहेरगावच्या गाड्या उभ्या. त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही, म्हणून पुरुषही घरीच. मी घरात न जाता आधी माळावर गेलो.

झोपडीत गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी होतं. आक्का बांधावर बसून निवडुंगाचं कुंपण नीट करत होती. मला बघून म्हणाली की मास्तर झालास का न्हाय अजून. मी तिच्याजवळ बसलो. तिनं पाय पुढं केले. घोट्यापर्यंत काळी माती, टाचांना भेगा, भेगांतही माती.

"बघ की," ती म्हणाली. "ह्यात पांढरं कुटं हाय ते मला दाव. तू शिकल्याला हाईस."

'शब्दाला धरून बसू नका' हे मला आठवलं आणि मी मुद्दाम शब्दाला धरून बसलो. ती सवय एकदा जडली की जात नाही. पांढऱ्या पायानं शीव ओलांडली. मी तिला विचारलं की त्या दिवशी गाडीत तुझ्याशिवाय काय काय होतं. ती आधी सांगेना. मग म्हणाली, जोंधळ्याची पोती होती. दिरांनी तिच्या वाटणीचा म्हणून गेल्या सालचा जोंधळा गाडीत घालून दिला होता, म्हणजे पुन्हा वाटणी मागायला येऊ नये. ती पोत्यांवर बसून आली.

"वाटंत एका पोत्याची शिवण हालाय लागली. त्यातनं उंदीर तोंड काढून बघाय लागला. मी आबास्नी म्हनलं, आबा, उंदीर हाय. आबा म्हनलं, दाणं हाईत तितं उंदीर असायचाच."

मी विचारलं की हे तू भगतासमोर का नाही सांगितलंस.

"कुनाला सांगू? आबास्नी गावाम्होरं हुबं करू?"

उंदराचे पाय तुम्ही कधी पाहिले असतील तर तुम्हाला ठाऊक असेल. अंग काळं असतं, पाय फिकट असतात, जवळजवळ पांढरे. भगत काय बघून बोलला देव जाणे. पण बोलला ते अक्षरशः खरं होतं. पांढऱ्या पायांनी शीव ओलांडली होती, पोत्यात बसून, माझ्या बापानं हाकलेल्या गाडीतून. आणि पहिला उंदीर कणगीमागं का पडला तेही मला कळलं. सगळं गाव ज्या शब्दाच्या पलीकडं धावलं, तो शब्द अलीकडंच पडलेला होता.

मी घरी गेलो. आई चुलीशी होती, आबा सोप्याला बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "आबा, गाडीत उंदीर होता हे आक्कानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

त्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला होता. म्हटलं, तुम्ही आणलेल्या धान्यानं साथ आली आणि तुमच्या लेकीचे पाय पांढरे झाले, आणि हे तुम्हाला त्याच दिवसापासून माहीत होतं. धान्य घरात घेतलंत आणि लेक बाहेर ठेवलीत.

आबा उठले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"तू बी त्याच जोंधळ्याची भाकरी खाऊन गेलास की," ते म्हणाले. "जा आता. पुन्यांदा ह्या उंबऱ्याला पाऊल लावू नगंस."

चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. मी जाताना तो आवाज पुन्हा सुरू झाला नाही, एवढं मला आठवतं.

मी पायी निघून वाटेत एक गाडी गाठली आणि कोल्हापुरात आलो. नाटकाचा शेवट तोवर जवळ आला होता. शेवटी तो राजा सगळं कळल्यावर स्वतःच्या हातानं स्वतःचे डोळे फोडतो. प्रोफेसरसाहेबांचा आवाज ते वाचताना भरून आला. ते म्हणाले की लाजेचं एवढं मोठं रूप दुसऱ्या कुठल्याही वाङ्मयात नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या राजानं कळल्यावर तरी डोळे फोडले. आमच्याकडं कळू नये म्हणून आधीच मिटून घेतात, आणि लाज दुसऱ्याच्या पायांना बांधून शिवेबाहेर सोडतात. त्या राजाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा आदर वाटला. निदान त्यानं शोध अर्ध्यावर सोडला नाही. राणी त्याला हात जोडून म्हणत होती की पुढं विचारू नकोस. तरी त्यानं विचारलं.

निबंधात मी हेच लिहिलं. उंदराचंही लिहिलं. वहीवर शेरा आला की विषयांतर.

श्रावण सरला, भाद्रपद लागला. गणपती बसले, गौरी आल्या आणि गेल्या. बोर्डिंगातली पोरं सणाला घरी जाऊन आली. मला उंबऱ्याला पाऊल लावायचं नव्हतं. रोज संध्याकाळी मी रंकाळ्यावर जाऊन बसायचो. पाऊस जोराचा आला की माळावरची झोपडी दिसायची. एकदा वाटलं, महाराजांच्या वाड्यासमोर जाऊन बसावं आणि ते बाहेर आले की सांगावं. गेलोही. पण तिथं बसलेल्या लोकांची दुःखं ऐकत ऐकत माझा धीर खचला. त्यांना काय सांगू, की एका शब्दाविरुद्ध फिर्याद आहे?

त्या नाटकात एक गोष्ट मला सुरुवातीला पटली नव्हती. जे भयंकर ते सगळं घराच्या आत घडतं, आपल्याला दिसत नाही. मग बाहेर एक साधा माणूस येतो आणि काय झालं ते सांगतो. मला वाटायचं, हा कसला खेळ. पण तसंच असतं.

आमच्या गावचा पिंजारी, ज्याला आम्ही सगळे चाचा म्हणतो, बाजाराला कोल्हापुरात येतो. गौरीनंतरच्या आठवड्यात तो बोर्डिंगाच्या दारात उभा राहिला. दाढीत कापूस. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, आईनं दिलेल्या. मी त्याला पाणी दिलं. तो घोट घोट पीत राहिला. मी म्हटलं, चाचा, माळावरची कशी हाय.

"माळावर कोन हाय?" तो म्हणाला. "झोपडी तर पडली."

तो खाली बसला आणि सांगू लागला.

गौरी आणायच्या दिवशी गावच्या बायका पाणवठ्यावरून गौरीचे डहाळे घेऊन वाजतगाजत आल्या. आमच्याकडची रीत अशी की उंबऱ्यापासून आत देवापर्यंत रांगोळीची पांढरी पावलं काढायची, गौर त्या पावलांवरून आत येते. आणणारी सवाशीण उंबऱ्यात थांबते, घरातली बाई विचारते की कशाच्या पावली आलीस, आणि ती सोन्याच्या म्हणून आत येते. आमच्या घरची गौर आणायला चुलती गेली होती. आई पावलं काढायलाच उठली नाही. जमीन सारवून कोरी ठेवलेली. दाराशी भिंतींना लावायला कालवलेल्या पांढऱ्या मातीचं घमेलं तसंच पडलं होतं.

चुलती दारात येऊन थांबली. आई बाहेर आली, पण तिच्याकडं बघेना. रस्त्याकडं बघत राहिली. आणि रस्त्यानं आक्का आली, माळावरून, शीव ओलांडून, गावाच्या मधनं, भर दुपारी. कुणी आडवं गेलं नाही, सगळे बघत उभे राहिले. तिनं घमेल्यात एक पाय बुडवला, मग दुसरा. चुलतीच्या हातातून गौर घेतली. उंबऱ्यापाशी आबा बसले होते.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. तुज्या आईनं इचारलं, कशाच्या पावली आलीस? आक्का म्हनली, पांढऱ्या."

"आणि आबा?"

चाचानं भांडं खाली ठेवलं.

"उठलं आनि बाजूला झालं. आक्का आत गेली. ती पावलं अजून हाईत बघ जमिनीवर. आबास्नी रोज त्यावरनंच जायला लागतंय. आई सारवताना तेवडी सोडून सारवती. कुनाला पुसू देत न्हाय."